सूनबाईच्या सूटची झडप

लघवी हा शब्द मी डॉक्टरांसमोरसुद्धा मान खाली घालून उच्चारणारी बाई. तोच शब्द मी गेल्या थंडीत एका भरलेल्या कचेरीत, जाड काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटला. ज्यांनी ज्यांनी तो ऐकला त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. का, ते सांगते.

आमची सूनबाई पाण्याखाली काम करते. आम्हाला ज्या तळ्यातून पिण्याचं पाणी येतं, त्याच्या तळाशी उतरून ती गाळ मोजते, बांधाच्या भेगा बघते. पाणी इतकं गार, की नुसता हात बुडवला तरी कोपरापर्यंत कळ जाते. म्हणून तिला एक जाड रबरी सूट चढवावा लागतो. ड्रायसूट म्हणतात त्याला. गळ्याशी आणि मनगटांशी रबर घट्ट आवळलेलं, पायांना बूट जोडलेलेच. बाहेरचं पाणी थेंबभरसुद्धा आत येत नाही. अडचण अशी, की आतलंही बाहेर जात नाही. एकदा पाठीवरची चेन ओढली, की दुपार होईपर्यंत माणूस बंद डब्यात.

तिच्याबरोबरच्या पुरुषमंडळींनी आपापल्या सूटला मांडीवर झडपा बसवून घेतल्या होत्या. आतून नळी, बाहेर झडप, मोकळा कारभार. बायकांसाठीही तशी सोय निघाली आहे. (नळीच्या बाईकडच्या टोकाला काय असतं, ते मी लिहिणार नाही. ते डॉक्टरी गोंदाने चिकटतं, एवढं पुरे.) पण त्या सगळ्यांत बाई ही एकटीच, मागायची कुणाकडे? तिने आपल्यापुरता उपाय काढला होता. कामाच्या दिवशी पाणीच प्यायचं नाही. मला याचा पत्ता नव्हता. ती सकाळी कपाला हात लावत नसे, तेव्हा मला वाटायचं, माझं बघून पोरीनेही काही नेम धरलाय, आणि मी मनातून सुखावायचे.

नेम कसला! एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात कमरेत वाकली, ती सरळच होईना. मूत्रपिंडाला सूज. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "एक तर पाणी प्या, नाहीतर पाण्यात उतरू नका. यातलं एकही ऐकलं नाहीत तर मी आहेच."

चिरंजीव नोकरीनिमित्त दूर असतात. त्यांनी फोनवरून निकाल दिला, "आई, तिला सांग, सोड ते पाण्यातलं काम. खुर्चीतलं मिळतंय ना?" तिच्या साहेबांचंही तेच. पुढच्या मोजणीपर्यंत सूटची सोय झाली तर ठीक, नाहीतर कचेरीत बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे उतरवायचे. सूनबाई वाद घालणारी नाही. अंथरुणात पडल्या पडल्या छताकडे बघत एवढंच म्हणाली, "आई, खाली गेल्यावर फार छान वाटतं हो. कुणी हाक मारत नाही, कुणी काही विचारत नाही."

घर, नवरा आणि सासरा सांभाळलेल्या कुठल्याही बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

"मग तूही बसवून घे की झडप," मी म्हटलं.

"बसवणारा एकच कारागीर आहे. त्याच्याकडून सूट परत येईपर्यंत मोजणी उरकलेली असेल."

"मग आपण बसवू."

हे मी म्हणाले यावर माझ्यासकट घरात कुणाचाच विश्वास बसला नाही.

इथे माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे घोटाळे त्यांच्यातून आले. (देवाला दोष देत नाही. नेम त्याने मागितले नव्हते, मीच धरले.) एक, सकाळी उठल्यापासून पूजा आटपेपर्यंत मौन. दोन, खोटं बोलायचं नाही, सोयीपुरतंसुद्धा नाही. तीन, झोपण्याआधी त्या दिवशी भेटलेल्या एका तरी माणसाचे मनापासून आभार मानायचे. तिसरा ऐकायला सोपा वाटतो. हरकतकाकांच्या समोरच्या घरात राहून तो पाळून बघावा.

हरकतकाका म्हणजे आमच्या समोरच्या दारातले निवृत्त हिशेब तपासनीस. इमारतीत काहीही ठरलं, की ते बोट वर करून म्हणतात, "माझी एकच हरकत आहे." ती एकच कधीच नसते. झडपेची बातमी त्यांना आमच्या ह्यांनी जिन्यात सांगितली. संध्याकाळी ते चहाच्या वेळेला हजर.

"वहिनी, माझी एकच हरकत आहे. चांगल्या धडधाकट सूटला तुम्ही भोक पाडणार, आणि वर म्हणणार, पाणी आत यायला नको. ह्याला काय अर्थ आहे? दुसरं म्हणजे, सराव केल्याशिवाय हात लावू नका. तिसरं म्हणजे, अनुभव कुणाला आहे?"

"मला," हे म्हणाले.

हे जन्मभर विमा कचेरीत होते. पण आपण चुकून तिकडे गेलो, आपली खरी जागा कारखान्यात होती, असं त्यांना वाटतं. त्यांच्याकडे अवजारांची पेटी आहे. तिच्यातलं प्रत्येक अवजार एकदा तरी माझ्या घरातल्या एखाद्या वस्तूवर चाललेलं आहे, आणि त्या वस्तू आता नाहीत.

झडप बाहेरून मागवली. ती आली आणि कस्टम्सच्या कचेरीत अडकली. सोडवायला आम्ही दोघं गेलो. लांबलचक रांग, शेवटी काच, काचेला तळाशी एक फट, आणि पलीकडे थकलेल्या डोळ्यांचा एक कारकून.

"वस्तू?"

"झडप," मी म्हटलं.

"ऐकू येत नाही. मोठ्याने. कसली झडप?"

"सूटची."

"सूटला झडप कशाला? टाय असतो." स्वतःच्या विनोदावर तो हसला नाही. "वापर काय?"

"निचऱ्यासाठी." हे खरं होतं.

"कशाच्या निचऱ्यासाठी?"

माझ्या शेजारी उभे असलेले हे अचानक भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचू लागले. इतकं मन लावून, की जणू परीक्षा होती.

"हे बघा बाई," कारकून म्हणाला, "वैद्यकीय असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा, पलीकडच्या खिडकीवर जा. क्रीडासाहित्य असेल तर संघटनेचं पत्र. नळकाम असेल तर इथेच सोडतो. काय लिहू?"

"नळकाम सांग," हे आगीची सूचना न सोडता पुटपुटले. "सांग आणि चल."

नळकाम म्हणणं फार सोयीचं होतं. आणि एका अर्थी ते नळकामच होतं. पण तो अर्थ मला कारकुनाला फसवून काढावा लागला असता. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "माझी सून पाण्याखाली काम करते. सूटमध्ये तिला लघवीला जाता येत नाही. म्हणून ती पाणी पीत नाही, आणि आजारी पडली. ही झडप त्यासाठी आहे."

मला वाटलं होतं, मी नेहमीच्या आवाजात बोलतेय. पण काच होती ना! पंखेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. माझे कान इतके तापले, की त्यांच्यावर कपडे वाळले असते. मग माझ्या मागून एका वृद्ध गृहस्थांचा आवाज आला, "बाई, ती जमिनीवरही चालते का हो? इथल्या रांगेसाठी एक लावून घेईन म्हणतो."

रांग हसली. कारकून मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "सकाळपासून बसलोय," तो फटीशी तोंड आणून हळू म्हणाला. "बदली माणूस आलेला नाही. मलाही उठता आलेलं नाही." त्याने धाडकन शिक्का मारला आणि पाकीट फटीतून सरकवलं. "सूनबाईंना म्हणावं, पाणी पीत जा. आमच्या खात्यात दोघांना खडे झालेत."

त्या दिवशी आभार कुणाचे मानायचे, हे शोधावं लागलं नाही. देवा, त्याचा बदली माणूस वेळेवर येऊ दे, हेही वर जोडलं.

पाकिटात बाहेरची एक चकती, आतली एक चकती, एक रबरी कडी, एक नळी आणि एक चित्रपत्रिका होती. चित्रातला माणूस अतिशय हसतमुख होता आणि त्याला कसलेच अवयव नव्हते. हरकतकाकांनी सरावासाठी स्वतःचा रेनकोट आणून दिला. नको नको म्हणत असताना दिला, हे मुद्दाम नोंदवते. ह्यांनी रेनकोटाला छान गोल भोक पाडलं, झडप बसवली, आवळली, सगळ्यांना दाखवली आणि परत काढली. काका खूश होऊन रेनकोट घालून घरी गेले. भोक अगदी पोटावर आलं होतं.

मग खरा दिवस उगवला. आदल्या संध्याकाळी सूनबाईने सूट चढवून, गुडघ्यावर बसून, हात कुठवर पोहोचतो ते बघून डाव्या मांडीवर खडूने खूण करून दिली होती. उजव्या मांडीवर खिसा होता, त्यात तिची सुरी आणि टॉर्च असायची, म्हणून डावी. ह्यांनी गुडघ्यापासूनचं अंतर मोजून ठेवलं. आणि आतली बाजू स्पिरिटने पुसायला मी सूट उलटा केला, तो रात्रभर तसाच वाळत ठेवला.

सकाळी सूनबाई कचेरीत गेली. मी फुलं निवडत होते, म्हणजे मौनात होते. हे भोक पाडायचा पंच आणि हातोडी घेऊन जेवणाच्या टेबलापाशी उभे राहिले. "डावी मांडी ना गं?"

मी मान डोलावली. डावीच होती.

त्यांनी समोरच्या सूटची डावी मांडी पुढ्यात ओढली, खाली लाकडी पाट सरकवला, पट्टी लावून अंतर मोजलं आणि पंच टेकवला. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की सूट उलटा आहे, आणि उलट्या सूटची डावी ती सुलट्याची उजवी.

मी हातातली फुलं टाकून दोन्ही हात हलवले.

"काय? हळू मारू?"

मी जोरजोराने मान हलवली.

"जोरात मारू?"

मी पालथा पंजा उताणा करून दाखवला, उताण्याचा पालथा करून दाखवला. त्यांनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. "पाऊस? नाही गं, ऊन आहे चांगलं." मी मौन मोडावं की काय, हा प्रश्न मनात आला. इतक्या वर्षांचं व्रत, आणि समोर फक्त एक पायघोळ रबर. पण मग त्या रबराच्या आत पोरगी असणार होती. मी कळवळून हात जोडले.

"हो हो," हे गहिवरून म्हणाले, "देवाचं नाव घेऊनच मारतोय."

खट्.

"अहो, उजवी!"

माझं मौन आयुष्यात पहिल्यांदा मोडलं ते या दोन शब्दांनी. त्यांनी सूट सुलटा केला. खिशात हात घातला. त्यांचं बोट खिशाच्या तळातून मांडीच्या आत निघालं. अंतर अगदी काटेकोर बरोबर आलं होतं, फक्त पाय चुकला होता. झडप तशीच बसवली असती तर सगळा निचरा सुरी आणि टॉर्चवर झाला असता.

"तू बोलायचंस ना," हे खुर्चीत बसत म्हणाले.

मी काही बोलले नाही. आता मौन नव्हतं, तरीसुद्धा.

सूनबाई संध्याकाळी आली तेव्हा आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो होतो. असं आम्ही एरवी फक्त दवाखान्यात बसतो. तिने आमच्याकडे बघितलं, टेबलावरच्या सूटकडे बघितलं. "काय झालं, बाबा?"

"एक छोटीशी गोष्ट झालीय," हे म्हणाले. "म्हणजे आकाराने छोटी."

तिने खिशात हात घातला. ती पाठमोरी होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. या मापाचा दुसरा सूट इतक्यात येणार नव्हता, मोजणी तोंडावर आली होती, आणि नवऱ्याने सोड म्हटलेलं काम सासऱ्याने एका घावात सोडवलं होतं. मी मनात देवाला म्हटलं, आता तिला रडू आलं तर ते माझ्या खात्यावर मांड. तिचे खांदे हलायला लागले. मग तिने वळून बघितलं, तर डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. भोकातून बाहेर काढलेलं बोट आमच्या दिशेने हलवत होती.

"हसवू नका हो, पाठीत अजून दुखतं," ती धापा टाकत म्हणाली. मग डोळे पुसले. "भोक इथेच राहू दे. खिसाच हलवू."

खिसा हलवणं माझ्या हातचं होतं. केस वाळवायच्या यंत्राने गोंद ऊन करत करत, कडेची शिवण एकेक टाका उसवत मी तो सुटा केला आणि डाव्या मांडीवर बसवला. तिसरा नेम पाळायला त्या रात्री मला वेगळंच नाव सुचलं, ज्या मावशीने लहानपणी कान पिळून मला उसवायला शिकवलं तिचं. ती भेटली नव्हती त्या दिवशी, पण देवाने चालवून घेतलं असावं.

खिसा डावीकडे गेल्यावर सुरीही डावीकडे गेली. त्यामुळे सूनबाई सूट चढवून घरभर डाव्या हाताने सुरी उपसायचा सराव करत हिंडू लागली. हरकतकाका वर्तमानपत्र मागायला दारात आले, ते नेमकं तेव्हा. मी ओट्याशी पाठमोरी, आणि माझ्या मागे काळ्या रबरातली सून मांडीवरची सुरी खस्सकन उपसतेय. काका आल्या पावली परत गेले आणि फोन केला. "वहिनी, बोलता येत नसेल तर नुसतं हूं म्हणा. घरात सगळं ठीक आहे ना?"

मौनाची वेळ होती. मी हूं म्हटलं. त्यावरून त्यांनी काय अर्थ काढला देव जाणे, पण ते काठी घेऊन आले. हातात काठी, अंगावर चिलखत म्हणून तोच रेनकोट. या जगात माझ्यासाठी काठी घेऊन धावून येणारा शेजारी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ते आलेच होते, म्हणून माझी पूजा आटपल्यावर त्यांना पुढच्या कामाला धरलं. झडप बसवून झाली होती, आता गळती तपासायची होती. सूनबाईने सूटच्या मनगटांत दोन बाटल्या कोंबल्या, गळ्यात पातेलं अडकवलं, चेन ओढली आणि पंपाने हवा भरली. थोड्याच वेळात आमच्या सोफ्यावर एक धष्टपुष्ट, बिनडोक्याचा गृहस्थ हात पसरून बसला, पातेलं वर करून. आम्ही त्याला साबणाचं पाणी चोळायला घेतलं. जिथे फुगे येतील तिथे गळती.

मान चोळली, पाय चोळले, पाठ चोळली. फुगा नाही. ह्यांनी विजयी मुद्रेने बाह्या खाली केल्या.

"माझी एकच हरकत आहे," हरकतकाका म्हणाले. ते त्या गृहस्थाच्या मांडीला कान लावून बसले होते. "हा फुसफुसतोय."

झडपेच्या कडेने बारीक, मोत्यासारखे फुगे येत होते. सूनबाईचा चेहरा पडला. सगळं उघडून बघितलं, तर आतली रबरी कडीच नव्हती. टेबलाखाली शोधली, केराच्या डब्यात शोधली. हे पेटीतलं प्रत्येक अवजार उचलून त्याखाली बघत होते. मोजणी दुसऱ्या दिवशी होती. आणि कडी नसेल तर ते गार पाणी तिच्या मांडीतून आत शिरणार होतं, तळाशी, जिथे कुणी हाक मारत नाही.

"पोरी, उद्या नको उतरूस," मी म्हटलं.

ती हो म्हणाली. इतक्या शांतपणे हो म्हणाली, की मला ते ऐकवेना. मी नजर वळवली, ती हरकतकाकांच्या पोटावर गेली. रेनकोटाच्या भोकाच्या कडेला एक नाजूक काळी किनार होती.

"काका, हलू नका," मी म्हटलं. मी हे आज्ञेच्या सुरात म्हटलं. काका काठीसकट जागीच थिजले. सरावाच्या वेळी झडप परत काढली, पण कडी कापडालाच चिकटून राहिली होती, आणि काका इतके दिवस ती पोटावर घेऊन हिंडत होते. त्यांनी रेनकोट काढलाच नाही. मीही धीर धरला नाही. अंगावरच्या अंगावर सोडवून घेतली.

पुन्हा आवळलं, पुन्हा हवा भरली, पुन्हा साबण. आता काकांनी कान लावला, ह्यांनी लावला, सूनबाईने लावला. कुणी श्वास घेत नव्हतं. तो गृहस्थही घेत नव्हता.

"माझी," हरकतकाका उठत म्हणाले, "काही हरकत नाही."

सकाळी तळ्यावर आम्ही दोघंही गेलो. मौन मी त्या दिवसापुरतं अंधारातच उरकून घेतलं होतं. काठावर धुकं होतं, तिच्याबरोबरचे लोक सूट चढवून पाय आपटत उभे होते. सूनबाई गोंदाचं, नळीचं जे काही करायचं ते आडोशाला करून आली आणि माझ्यासमोर पेला धरून थांबली. पाणी दिसत होतं, घोट जात नव्हता. मग तिने औषध घ्यावं तसे डोळे मिटून पेला संपवला आणि तळ्यात उतरली.

आम्ही पाण्यावरचे बुडबुडे बघत बसलो. पूर्वी म्हणे सगळ्यांत आधी तीच वर यायची. एक गडी वर आला. दुसरा आला. हे उठून काठापर्यंत गेले, परत आले, परत गेले. "झडप माझ्या हातची आहे गं," ते एकदाच म्हणाले, आणि तो अभिमान नव्हता. मी त्यांचा हात धरला. चारचौघांत धरला.

ती सगळ्यांत शेवटी वर आली, हातात गाळाच्या नमुन्यांच्या सगळ्या नळ्या भरलेल्या. पाणी निथळत चालत आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. आता विचारायचं कसं? साहेब तळ्याकडे बघत होते. हे आपल्या बुटांकडे.

"सूट... व्यवस्थित?" ह्यांनी विचारलं.

"कोरडी आहे, बाबा."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र कळेना. झडप चालली म्हणून कोरडी, की वापरलीच नाही म्हणून? ती माझ्याजवळ आली, गार गाल माझ्या कानाला लागला.

"आई, आधी होईचना. एवढ्या वर्षांची धरून ठेवायची सवय. घाम फुटला मला पाण्याखाली. मग तुम्ही पूजा आटपल्यावर म्हणता ना, तो जप म्हटला मनात, सावकाश. आणि मग..." ती थांबली. तिने जीभ चावली. "असं नको होतं का करायला? तिथे, त्या वेळी?"

मी विचार केला. त्याचं नाव मी उंबऱ्यावर घेते, पूजेत घेते, दवाखान्याच्या बाकावर घेते, कस्टम्सच्या काचेसमोर घेतलं. तळ्याच्या तळाशी कुणी घेतलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "अडलेल्या माणसाने हाक मारली, त्याने ऐकली. एवढंच तर त्याचं काम."

तेवढ्यात साहेबांनी दुसऱ्या फेरीची नावं पुकारली आणि पहिलं तिचं घेतलं. तिने हात वर केला, माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली, आणि सगळ्यांच्या देखत, मान मागे टाकून, घटाघटा रिकामी केली.